मिरीचा तीळ कुठे अडला?

मुंगी होती एक. काळी काळी, बारकी बारकी. काळ्या मिरीच्या दाण्यापेक्षाही बारकी. म्हणून तिचं नाव मिरी.

मिरी राहायची उंबऱ्याखालच्या फटीत. त्याच घरात राहायची कैरवी. तिला सगळे म्हणायचे कैरू.

कैरूची आई रोज भाकरी करायची. बाजरीची. थप थप थप थापायची. वर तीळ लावायची. भाकरी तव्यावर पडली, की तीळ वाजायचे, तड तड तड!

कैरू भाकरी खायची, मचक मचक. खाता खाता एक तीळ खाली पडायचा. टप्प!

तो तीळ कोणाचा? मिरीचा!

मिरी तो डोक्यावर घ्यायची. मिरवत मिरवत घरी न्यायची. पोटभर खायची आणि गुडूप झोपायची.

एके दिवशी कैरूचा मामा आला. दिगूमामा. गळ्यात माळ घालून आला. फुलांची नाही हं! पुड्यांची! लाल लाल, चकचकीत पुड्या. आणि पुड्यांमध्ये काय? कुरुमकुरुम! खारट, तिखट, नारिंगी नारिंगी.

"घे गं कैरू, सगळी तुलाच!" मामा म्हणाला. चहा प्यायला आणि भुर्रकन गेलासुद्धा.

मग काय विचारता! कैरू सकाळी कुरुमकुरुम. दुपारी कुरुमकुरुम. बोटं नारिंगी. ओठ नारिंगी. नाकाचा शेंडासुद्धा नारिंगी!

दुसऱ्या दिवशी आईने ताट आणलं. गरम भाकरी. मुगाची उसळ.

आई म्हणाली, "कैरू, आ कर."

"नक्को!"

"हा घास चिऊचा."

"नक्को!"

"बरं, हा घास काऊचा."

"मग काऊलाच दे!"

आईने ताट झाकून ठेवलं. "भूक लागली की हाक मार," म्हणाली. धुण्याची बादली घेतली आणि परसात कपडे वाळत घालायला गेली.

आणि मिरी? मिरी खाली वाट बघत होती. तीळ आत्ता पडेल. तीळ मग पडेल. तीळ काही पडेना!

पडला एक नारिंगी तुकडा. मिरीने जीभ लावली.

"हा! हू! हा! हू! भाजली गं माझी जीभ!"

मिरी गोल गोल फिरली. पाण्याच्या एका थेंबात डोकं घालून बसली. मग उठली. मिशा पुसल्या.

"माझा तीळ अडलाय तरी कुठे? आता शोधूनच काढते!"

आणि मिरी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु, तुरुतुरु!

कैरू ओसरीत चटईवर पसरली होती. मिरी तिच्या हनुवटीवर चढली. समोरच तोंड होतं. मिटलेलं. घट्ट!

मिरी म्हणाली,

"तीळ पडत नाही,
मिरीने खायचं काय?
तोंडोबा, तोंडोबा, उघड ना!"

तोंड ओठ न उघडताच म्हणालं, "म्हं-हं! मी नाही जा! आधी पोट गुरगुरू दे. मग मी उघडेन."

मिरीने मिशा उडवल्या. "असं काय? थांब, बघतेच!"

आणि मिरी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु, तुरुतुरु!

हनुवटीवरून गळ्यावर. गळ्यावरून फ्रॉकवर. फ्रॉकवरून पोटावर. पोट कसलं, डोंगरच तो! टुम्म फुगलेला. मिरीने बेंबीत वाकून बघितलं. "कूऽऽक! कोणी आहे का आत?"

"आहे, आहे," पोट म्हणालं. "ओरडू नकोस. मी झोपलंय."

मिरी म्हणाली,

"तोंड उघडत नाही,
तीळ पडत नाही,
मिरीने खायचं काय?
पोटोबा, पोटोबा, गुरगुर ना!"

पोट म्हणालं, "मी नाही जा! आधी पाय धावू देत. मग मी गुरगुरेन."

मिरीने मिशा उडवल्या. "असं काय? थांब, बघतेच!"

आणि मिरी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु, तुरुतुरु!

पोटावरून गुडघ्यावर. गुडघ्यावरून, घसरगुंडी, सुर्रर्र! थेट पायांवर. एक पाय इकडे पडला होता. एक पाय तिकडे पडला होता.

मिरी म्हणाली,

"पोट गुरगुरत नाही,
तोंड उघडत नाही,
तीळ पडत नाही,
मिरीने खायचं काय?
पायांनो, पायांनो, धावा ना!"

पाय म्हणाले, "आम्हाला मुंग्या आल्यात गं!"

"मुंग्या?" मिरीने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. "कुठायत मुंग्या? मी तर एकटीच आलेय!"

पाय म्हणाले, "ते काही असो. आम्ही नाही जा! आधी चेंडू पळू दे. मग आम्ही धावू."

मिरीने मिशा उडवल्या. "असं काय? थांब, बघतेच!"

आणि मिरी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु, तुरुतुरु!

चेंडू कुठे होता? खाटेखाली. धूळ खात. त्याच्या अंगावर कोळ्याने जाळं विणलं होतं. कोळी चेंडूवर बसून पाय हलवत होता. त्याची चैन होती!

मिरी म्हणाली,

"पाय धावत नाहीत,
पोट गुरगुरत नाही,
तोंड उघडत नाही,
तीळ पडत नाही,
मिरीने खायचं काय?
चेंडूदादा, चेंडूदादा, पळ ना!"

चेंडू म्हणाला, "मला कोण ढकलणार? तू?"

"हो, मी!" मिरीने डोकं लावलं. पाय रोवले. "हुं हुं हुंऽऽ!" चेंडू हलला का? तिळाएवढासुद्धा नाही! कोळी मात्र पोट धरधरून हसला.

चेंडू म्हणाला, "मी नाही जा! आधी माऊ उठू दे. मग मी पळेन."

मिरीने मिशा उडवल्या. "असं काय? थांब, बघतेच!"

आणि मिरी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु, तुरुतुरु!

माऊ खाटेवर झोपली होती. घुर्र घुर्र, घुर्र घुर्र. मिरी तिच्या मिशीवर चढली. मिशीवर झोका घेतला. या मिशीवरून त्या मिशीवर. उंच झोका, हुईऽऽ!

माऊने एक डोळा उघडला. एकच. "कोण गं ती?"

मिरी म्हणाली,

"चेंडू पळत नाही,
पाय धावत नाहीत,
पोट गुरगुरत नाही,
तोंड उघडत नाही,
तीळ पडत नाही,
मिरीने खायचं काय?
माऊमावशी, माऊमावशी, ऊठ ना!"

माऊ म्हणाली, "मी नाही जा! आधी कुत्रा भुंकू दे. मग मी उठेन." आणि तिने तो एक डोळासुद्धा मिटला.

मिरीने मिशा उडवल्या. "असं काय? थांब, बघतेच!"

आणि मिरी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु, तुरुतुरु!

अंगणात झिपऱ्या कुत्रा बसला होता. त्याचं तोंड दिसत नव्हतं. का? रिकाम्या पुडीत होतं ना! आतून आवाज येत होता, लप लप लप. मसाला चाटणं चाललं होतं.

मिरी त्याच्या शेपटीवरून चढली. पाठीवरून चालली. कानाशी जाऊन म्हणाली,

"माऊ उठत नाही,
चेंडू पळत नाही,
पाय धावत नाहीत,
पोट गुरगुरत नाही,
तोंड उघडत नाही,
तीळ पडत नाही,
मिरीने खायचं काय?
झिपरूभाऊ, झिपरूभाऊ, भुंक ना!"

झिपऱ्याने पुडीतून तोंड बाहेर काढलं. नाक नारिंगी! तो म्हणाला, "मी नाही जा! आधी काऊ उडू दे. मग मी भुंकेन." आणि पुन्हा पुडीत डोकं. लप लप लप.

मिरीने मिशा उडवल्या. "असं काय? थांब, बघतेच!"

आणि मिरी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु, तुरुतुरु!

कुंपणाच्या भिंतीवर काऊ बसला होता. मान वाकडी करून बघत होता. काय बघत होता? पायरीवर एक पुडी होती. नवी. न फोडलेली. कैरूनेच ठेवली होती, मग खायला. काऊची नजर तिच्यावर!

मिरी धापा टाकत भिंत चढली. आधी दम घेतला. मग म्हणाली,

"कुत्रा भुंकत नाही,
माऊ उठत नाही,
चेंडू पळत नाही,
पाय धावत नाहीत,
पोट गुरगुरत नाही,
तोंड उघडत नाही,
तीळ पडत नाही,
मिरीने खायचं काय?
काऊकाका, काऊकाका, ऊड ना!"

काऊ म्हणाला, "मी नाही जा! आधी पुडी फुटू दे. मग मी उडेन. तोवर इथून हलायचा नाही! पहिला कुरुमकुरुम माझा!"

मिरीने मिशा उडवल्या. "असं काय? थांब, बघतेच!"

आणि मिरी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु, तुरुतुरु!

पायरीवर पुडी बसली होती. टम्म! गाल फुगवून. उन्हात चमकत होती, लखलख.

मिरीने मोठा श्वास घेतला आणि म्हणाली,

"काऊ उडत नाही,
कुत्रा भुंकत नाही,
माऊ उठत नाही,
चेंडू पळत नाही,
पाय धावत नाहीत,
पोट गुरगुरत नाही,
तोंड उघडत नाही,
तीळ पडत नाही,
मिरीने खायचं काय?
पुडीबाई, पुडीबाई, फूट ना!"

पुडी म्हणाली, "इश्श! मी कशाला फुटू? बघ मी किती चकचकीत! बघ मी किती टम्म!"

मिरीने पुडीला कान लावला. आत काय होतं? नुसता वारा! तळाशी चार तुकडे, खुळुक खुळुक.

"अगं, तू तर वाऱ्याने फुगलीयेस!"

"फुगेन नाहीतर काहीही करेन!" पुडी म्हणाली. "मी नाही जा! आधी नाही, मग नाही. मी कध्धीच फुटणार नाही!"

मिरी पुडीवर चढली. सर्रकन घसरली. पुन्हा चढली. पुन्हा घसरली. चावायला गेली. दातच लागेना!

आता कोणाकडे जायचं? कोणीच उरलं नव्हतं.

मिरी पायरीच्या कोपऱ्यात जाऊन बसली. सकाळपासून चालून चालून तिचे पाय दुखत होते. सगळेच्या सगळे पाय! आणि तिचं पोट मात्र गुरगुरलं. एवढंसं पोट, एवढासा आवाज.

कुंईऽऽ.

मिरीच्या डोळ्यात पाणी आलं. ते इतकं बारीक, की कोणाला दिसलंच नाही.

इतक्यात परसातून कैरूची आई आली. हातात रिकामी बादली. चपला काढल्या, पायरीवर एक पाय ठेवला आणि आत बघून म्हणाली, "कैरू, लागली का गं भूक?"

"नक्को!" आतून कैरू ओरडली.

आईचा पाय मिरीच्या अगदी समोर होता. अनवाणी. गोरापान. बोटात चांदीचं जोडवं.

मिरीने पायाकडे पाहिलं. मग पुडीकडे पाहिलं. पुन्हा पायाकडे. पुन्हा पुडीकडे. आणि मिरी गालातल्या गालात हसली!

"सकाळपासून विचारत बसले. सगळे नाही जा, नाही जा! आता विचारायचंच नाही. आता गंमत करायची!"

मिरी आईच्या अंगठ्यावर चढली. हळूच. अंगठ्याच्या आणि बोटाच्या मधे शिरली. चावली का? छे! चावली नाही हं. नुसत्या मिशा फिरवल्या.

गुदू गुदू गुदू गुदू!

"अगं बाई!" आई ओरडली. "अगं, काय आहे हे! हीऽऽ ही ही ही!"

बादली पडली, ढँग! आई एका पायावर नाचली. इकडे नाचली. तिकडे नाचली. तोल गेला आणि पायरीवर बसली, धप्पकन!

पायरीवर कोण होतं?

फट्ट!

पुडी फुटली! सगळा वारा बाहेर, फुस्सऽऽ!

तो आवाज ऐकून काऊ घाबरला. पहिला कुरुमकुरुम राहिला बाजूला! काऊ उडाला, फड फड फड! उडाला तो झिपऱ्याच्या डोक्यावरूनच.

झिपऱ्याने पुडीतून तोंड काढलं. काऊ? माझ्या डोक्यावरून? कुत्रा भुंकला, भो भो भो!

भुंकणं ऐकून माऊ दचकली. माऊ उठली, टुण्णकन! खाटेवरून उडी मारली, ती थेट खाटेखाली. पंजा लागला चेंडूला, थाप्प!

चेंडू पळाला, गड गड गड! कोळी म्हणाला, "अरे, माझं घर! माझं घर!" आणि तोही मागोमाग पळाला. चेंडू ओसरीतून पायरीवर. टप्पी! पायरीवरून अंगणात. टप्पी!

कैरूने चेंडू पाहिला. "चेंडू! माझा चेंडू! थांब रे!"

पायांच्या मुंग्या गेल्या कुठल्या कुठे! पाय धावले, दुडू दुडू दुडू!

चेंडू हौदाकडे, कैरू हौदाकडे. चेंडू शेवग्याखाली, कैरू शेवग्याखाली. चेंडू फाटकाला धडकून मागे फिरला. कैरूही मागे फिरली. झिपऱ्या धावला. माऊ धावली. हौदाभोवती एक फेरी. आणखी एक फेरी. आणखी एक! कैरू हसत होती, धावत होती, पडत होती, उठत होती. गाल लाल. कपाळावर घाम. टुम्म पोट कधी सपाट झालं, ते पोटालासुद्धा कळलं नाही.

आणि मग, शूऽऽ! ऐका हं.

पोट गुरगुरलं. गुर्रर्र!

"झिपऱ्या, तू गुरगुरलास?" कैरूने विचारलं. झिपऱ्याने मान हलवली. मी नाही बुवा!

गुर्रर्र! गुर्रर्र!

"आई गं! माझं पोट बोलतंय!"

आई पायरीवरच बसली होती, कंबर चोळत. "काय म्हणतंय?"

"भूक म्हणतंय! आई, भूक! आत्ताच्या आत्ता भूक!"

आईने आधी कैरूचे हात धुतले. नारिंगी तोंड धुतलं. मग ताटावरचं झाकण काढलं. भाकरीचा तुकडा मोडला. उसळीत बुडवला.

आणि तोंड उघडलं. आऽऽ!

केवढं उघडलं! आतली इवली दाढसुद्धा दिसली!

पहिला घास. मचक मचक. मिरी खाली उभी. तीळ पडला? नाही.

दुसरा घास. मचक मचक. तीळ पडला? नाही!

तिसरा घास. एक तीळ ओठावर आला. ओठावरून हनुवटीवर आला. आणि तिथेच चिकटून बसला. मिरी म्हणाली, "अगं पड! पड ना!"

आई म्हणाली, "कैरू, तुझ्या हनुवटीवर बघ काय आहे. दाढी आली वाटतं तुला!"

कैरू खुदकन हसली. हनुवटी हलली.

टप्प!

पडला तो मिरीच्या डोक्यावरच!

पुडी फुटली, फट्ट!
काऊ उडाला, फड फड!
कुत्रा भुंकला, भो भो!
माऊ उठली, टुण्णकन!
चेंडू पळाला, गड गड!
पाय धावले, दुडू दुडू!
पोट गुरगुरलं, गुर्रर्र!
तोंड उघडलं, आऽऽ!
तीळ पडला, टप्प!
आणि मिरीचा मिरीला मिळाला!

कैरूने अख्खी भाकरी खाल्ली. उसळ खाल्ली. वाटी चाटली. वर विचारलं, "आई, आता काय?"

आई म्हणाली, "अगं, थांब की जरा!" मग तिने काकडी कापली. लांब लांब फोडी केल्या. कैरूने एक फोड चावली.

कचर कुचर! कचर कुचर!

कैरूचे डोळे मोठ्ठे झाले. "आई, ही पण वाजते!"

"वाजते तर! गाजरही वाजतं. फुटाणेही वाजतात."

"सगळे वाजवायचे! उद्या गाजर वाजवायचं!"

आणि खरंच हो! दुसऱ्या दिवशी कैरू उठली, ती आधी चेंडूमागे पळाली. पोट गुरगुरलं. मग आई-आई करत ताटावर बसली. गाजर वाजवलं. तिसऱ्या दिवशी फुटाणे वाजवले, कुडुम कुडुम. भाकरी तर रोजच. मामाची माळ खुंटीवर लटकत राहिली. कैरूला तिची आठवणच येईना. आईने मग ती उतरवून ठेवली, कुठे ते आईलाच ठाऊक.

एकदा जेवताना कैरूला मिरी दिसली. डोक्यावर तीळ घेऊन निघालेली, मिरवत मिरवत.

"आई, बघ! हिच्या डोक्यावर माझा तीळ!"

"तुझा कसा? सांडलेला आहे ना? मग तो तिचा."

कैरूने विचार केला. भाकरी हातात धरली. आणि मुद्दाम हलवली. चांगली गदागदा!

टप्प टप्प टप्प टप्प!

मिरी बघतच राहिली. एवढे तीळ! कुठला आधी उचलू? हा, का तो, का तो तिकडचा? तिने फटीत डोकं घालून हाक मारली, "अगंऽऽ, या गं सगळ्याजणी!"

आणि फटीतून मुंग्याच मुंग्या निघाल्या. तुरुतुरु, तुरुतुरु, तुरुतुरु!

तीळ गेले पोटात,
गोष्ट आली ओठांत.
आता पुढचा घास हातात,
सांगा बघू, आ कोण करणार?